फोंड्याचा घाट, बैलगाडीतून आणि मोटारीतून

गेल्या पावसाळ्यात पुण्याचा पुतण्या सहकुटुंब मुरगूडला आला होता. दोन दिवस गप्पा, जेवणे, सर पिराजीराव तलावापर्यंत एक चक्कर असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "काका, उद्या फोंडा घाट बघायला जाऊ. तुम्हीपण चला."

त्याच्या दृष्टीने ते अगदी साधे वाक्य होते. धुके, धबधबे, वाटेत गरम कांदाभजी, संध्याकाळी परत. मीही "बरं" म्हणालो. पण 'घाट बघायला' हे दोन शब्द दिवसभर डोक्यातून जाईनात. आमच्या घरात घाट ही बघायची वस्तू कधीच नव्हती. घाट चढायचा असे, उतरायचा असे, आणि कधी कधी घाटात माणूस जात असे. 'थोरले तात्या घाटात गेले' एवढे एकच वाक्य मी लहानपणी ऐकले होते. थोरले तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यापुढे कुणी बोलत नसे आणि विचारायची सोय नव्हती.

घरातल्या नव्या पिढीला यातले काहीच ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मी काही इतिहाससंशोधक नाही. शाळेत इतिहास शिकवला, त्या निमित्ताने वाचत राहिलो, एवढेच भांडवल. बाकीचे वडिलांच्या तोंडून ऐकलेले.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी रस्ता सांगतो. निपाणीहून निघालेला रस्ता मुरगूडवरून यमगे, आदमापूर करत मुदाळ तिट्ट्याला येतो. (तिट्टा म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा.) तिथून सरवड्यावरून राधानगरी, मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने दाजीपूर, आणि दाजीपूर संपले की घाट. घाट उतरला की फोंडा. गोव्यातले फोंडे वेगळे, हे आमचे कणकवली तालुक्यातले. या गावाचे नावच आता फोंडाघाट झाले आहे. पुढे हा रस्ता थेट देवगडच्या बंदराला जातो.

या रस्त्याची गंमत अशी, की आमच्या बाजूने जाताना आपण डोंगर चढतो आहोत हे फारसे कळतच नाही. सह्याद्री देशाकडे हळूहळू उतरत येतो. आमची वेदगंगा, पलीकडची दूधगंगा, राधानगरीची भोगावती, सगळ्या त्या कड्याजवळ उगम पावतात आणि समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला कृष्णेकडे जातात. कोकणाच्या बाजूला मात्र डोंगर तुटलेला आहे. दाजीपूरच्या पुढे जंगलातून चालता चालता एका ठिकाणी जमीनच संपते. खाली धुके, आणि धुके फाटले तर फार खोलवर कुणाची तरी भातखाचरे. म्हणजे देशावरून निघालेल्या गाडीवानाला सगळा त्रास एकदम, शेवटच्या काही मैलांत आणि तोही उतरताना. कोकणातून येणाऱ्याला उलट. त्याला आधी मोठी चढण, मग पुढे घरापर्यंत निवांत.

आता या कड्याकडे निरनिराळ्या काळी लोकांनी कसे पाहिले ते बघा. सातवाहनांच्या काळात नाणेघाटात जकात घेत असत, तिथला दगडी रांजण आजही दाखवतात. म्हणजे घाट हे उत्पन्नाचे साधन होते. शिवाजी महाराजांच्या काळात तो शस्त्र झाला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कर्तलबखानाची फौज अशी काही अडकली की तिला पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. मुलांना हा धडा शिकवताना मी फळ्यावर डोंगराची आडवी रेघ काढून तिच्यातून एक बारीक वाट काढत असे, आणि विचारत असे, इथे दहा हजार माणसे उभी कशी राहतील? मुले हसत. हसण्यातून त्यांना बरोबर कळत असे.

आमच्या भागातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मात्र कागदावरचे आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिले. या अमात्य घराण्याची जहागीर गगनबावड्याची, म्हणजे ऐन घाटमाथ्यावरची. फोंड्याच्या उत्तरेला करूळ आणि भुईबावडा हे जे दोन घाट उतरतात, ते याच बावड्यातून. आज्ञापत्रात गडांविषयी सांगताना पंतांचे म्हणणे असे, की गडाला जाणारी वाट सोपी नसावी, असलीच तर ती मोडून टाकावी, तीवर झाडी वाढू द्यावी आणि शत्रूला अवघड जाईल अशी वाट दुसरीकडून काढावी. आजच्या बांधकाम खात्याला हे वाचून दाखवले तर काय वाटेल कोण जाणे! पण पंतांचा विचार वेडा नव्हता. ज्याने उभे आयुष्य मोगलांशी झुंजण्यात घालवले त्याला वाईट रस्ता हीच तटबंदी वाटणार. दाजीपूरजवळ घाटाच्या तोंडावरचा शिवगड हा छोटा किल्ला बघितला की हे लगेच पटते.

इंग्रजांना नेमके उलटे हवे होते. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने बोरघाट गाड्यांसाठी खुला केला. त्या घाटात शिंग्रोबा धनगराचे देऊळ आहे. इंग्रजांना वाट त्याने दाखवली आणि काम झाल्यावर त्यांनी त्यालाच मारले, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे देव जाणे. पण घाटाची वाट ही साहेबाच्या दुर्बिणीला नाही तर जनावरांमागे फिरणाऱ्या माणसाला आधी ठाऊक होती, एवढे तरी त्यात नक्की खरे असणार. आमच्याकडे १८४४ साली सामानगड, भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले. ते कोल्हापुरात मोडल्यावर उरलेले बंडवाले घाट उतरून सावंतवाडीच्या रानात गेले आणि मनोहर-मनसंतोषगडाच्या आश्रयाने १८४५ पर्यंत लढत राहिले. ज्या मुलखात तोफ नेता येत नाही तिथे राज्य चालत नाही, हा धडा साहेबाने अशा मोहिमांतून घेतला असावा असे मला वाटते. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला आणि बंदरापर्यंत रस्ते हवेत अशी व्यापाऱ्यांचीही ओरड सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली, फोंडा, आंबा हे घाट गाडीरस्ते झाले. त्याआधी याच वाटांनी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून ये-जा करत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. घाटात एवढी वळणे का असतात? लहानपणी वाटायचे, डोंगरच तसा आहे. डोंगर तसा आहे हे खरे, पण चढ किती तीव्र ठेवायचा हे ठरवले बैलांनी. भरल्या गाडीची जोडी न थांबता ओढू शकेल असा चढ म्हणजे साधारण वीस फूट चाललो की एक फूट वर. उंची ठरलेली, चढ ठरलेला, मग रस्ता लांब करण्यावाचून इलाज काय? म्हणून तो एकदा इकडे, एकदा तिकडे असा वळवत न्यायचा. वळणाचा घेर बैलगाडी फिरेल एवढा धरला की झाले. पुढे शंभर वर्षांनी त्याच आखणीवर दहा चाकांचे ट्रक येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आज एखाद्या वळणावर ट्रकवाला एका दमात फिरत नाही, मागे येतो, पुन्हा पुढे घेतो, मागे पन्नास गाड्या हॉर्न वाजवत उभ्या, तेव्हा समजावे की मूळ हिशोब बैलाचा होता.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. त्याच सुमारास बेळगाव-लोंढ्याकडून मुरगावला रेल्वेने माल जाऊ लागला आणि कोकणच्या बंदरांचा दिमाख उतरला. पण रेल्वे कोल्हापुरात थांबली ती थांबलीच. वैभववाडीपर्यंतच्या मार्गाविषयी आम्ही वर्षानुवर्षे वाचतो आहोत, तो अजून व्हायचा आहे. म्हणून फोंड्याचा घाट बैलगाड्यांनी गजबजलेला राहिला, आणि त्यातली एक गाडी आमची होती.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. त्यांचा जन्म १९१५ चा. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ते थोरल्या तात्यांबरोबर गाडीवर जात. दिवाळी झाली की हंगाम सुरू व्हायचा आणि पाऊस तोंडावर आला की संपायचा. इकडून गूळ, मिरची, तंबाखू, शेंगा. तिकडून मीठ, नारळ, सुकी मासळी, आमसुले. मालवण, शिरोड्याकडे मिठागरे होती. त्यातल्या शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. नाना त्या वर्षी पंधरा वर्षांचे. सत्याग्रहाचे त्यांना काही आठवत नव्हते, पण त्या हंगामात मिठाला काय भाव होता यावर ते बराच वेळ बोलू शकत.

एकटी गाडी घाटात कुणी घालत नसे. तीन-चार तरी हव्यात. दाजीपूरला मुक्काम करायचा, जंगलात गवे आणि त्या काळी वाघही, म्हणून रात्रभर जाळ. पहाटे घाटाच्या तोंडाशी नारळ फोडायचा आणि एकेक गाडी सोडायची. उतरताना गाडीच्या मागे दोर बांधून माणसे मागे ओढत चालत, किंवा एखादा जड ओंडका बांधून तो फरफटत नेत. चढताना उलटा प्रकार. दर थोड्या अंतरावर बैलांना दम खाऊ द्यायचा, आणि गाडी थांबली की मागच्या माणसाने पळत जाऊन चाकाखाली दगड सारायचा. याला उटी लावणे म्हणतात. उटी लावणारा माणूस हातपायाने चपळ लागे, कारण त्याला चाकाच्या अगदी मागे वाकावे लागे.

राधानगरीचे धरण तेव्हा अर्धेच उभे होते. शाहू महाराजांनी १९०९ मध्ये भोगावतीवर काम सुरू केले, काही वर्षांनी पैशाअभावी ते थांबले आणि पन्नासच्या दशकात पुरे झाले. गावाला राधानगरी नाव महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्यावरून. नानांना धरणाचे कौतुक नव्हते. ते म्हणत, तिथल्या बाजारात बैलांना कडबा स्वस्त मिळायचा.

तीसच्या दशकात लॉऱ्या सुरू झाल्या. युद्धाच्या काळात पेट्रोलचा तुटवडा पडला, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, तेव्हा बैलगाड्यांना चार वर्षे पुन्हा बरे दिवस आले. नंतर संपलेच. आमची गाडी परड्यात मोडून पडली. तिची एक लोखंडी धाव मी लहान असताना गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली होती. आम्ही पोरे तिचा खेळ करू लागलो की आजी ओरडायची.

आता १९८४ सालच्या मे महिन्याकडे येतो. मी तेव्हा चौतिशीतला मास्तर. सुट्टीत सगळ्यांना मालवणचा किल्ला दाखवायची हौस आली. एक मॅटाडोर भाड्याने ठरवली. आई, दोघी बहिणी, मेहुणे, सात-आठ पोरे आणि पुढच्या बाकावर नाना. दाजीपूरपर्यंत पोरांनी गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या. घाटाच्या तोंडाशी मी ड्रायव्हरला म्हणालो, जरा सावकाश घ्या, मुलांना दरी बघायची आहे. नानांनी मान दुसरीकडे, डोंगराच्या बाजूला फिरवली.

चार-पाच वळणे उतरलो असू. गाडीचा आवाज एकदम शांत झाला. मला वाटले, किती छान चालवतो हा! नाना मात्र ताठ झाले. म्हणाले, "ह्यानं बैलं सोडल्यात."

मला अर्थ लागेना. पुढच्या वळणाला करपल्यासारखा वास आला. नाना ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकरा, गाडी थांबीव. चाक जळाय लागलंय."

डिझेल वाचवण्यासाठी त्या गृहस्थाने गाडी न्यूट्रलवर सोडली होती आणि सगळा भार ब्रेकवर घेतला होता. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि तापला की धरत नाही. ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, हे आज कुठल्याही शिकाऊ मुलाला सांगतात. नाना उभ्या आयुष्यात कधी मोटार चालवायला बसले नव्हते. पण उताराला ओढणारे जनावर सुटले की काय होते ते त्यांना कळत होते.

गाडी डोंगराच्या बाजूला मोरीपाशी थांबली. नाना खाली उतरले आणि कुणाला काही न सांगता चांगला पायलीएवढा दगड उचलून त्यांनी मॅटाडोरच्या चाकाला उटी लावली. सत्तरीला आलेला माणूस. मग मोरीच्या कठड्यावर बसले. ब्रेक निवेपर्यंत अर्धा तास थांबावे लागले, त्या अर्ध्या तासात मला थोरल्या तात्यांची गोष्ट कळली.

साल १९३२ असावे, नाना सतरा वर्षांचे. मिठाची भरती घेऊन घाट चढत होते. नाना पुढे बैलांच्या कासऱ्याला, तात्या मागे. बैल दम खायला थांबले. तात्यांनी दगड सारला. दगड भुसभुशीत निघाला की नीट बसला नाही, ते नानांना पुढून दिसले नाही. जू एकदम हाताला जड लागले, बैल गुडघ्यांवर आले आणि गाडी मागे गेली. दरीत नाही गेली. रस्त्यावरच, डोंगराच्या अंगाला तिरकी होऊन थांबली. तात्या चाक आणि डोंगर यांच्या मध्ये होते.

"मी कासरा सोडला न्हाई," नाना म्हणाले. एवढेच दोनदा म्हणाले.

त्याच गाडीतून, मीठ उतरवून, तात्यांना मुरगूडला आणले. वाटेत एक रात्र पडली.

मी विचारले, "जागा कुठली?" नाना उठले, थोडे वर चालत गेले, एका वळणापाशी थांबले. मग मान हलवून खाली आले, आमच्याही पुढे एक वळण गेले. तिथेही थांबले. रस्ता रुंद झाला होता, डांबर पडले होते, कठडे बदलले होते. "हितंच कुठंतरी," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मालवणला पोरांनी किल्ला बघितला. नानांनी समुद्राच्या काठावर बसून मिठागरे आता कुठे राहिली याची चौकशी केली. १९९३ साली ते गेले. या गोष्टीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

घाट 'बघायची' कल्पना आपल्याकडे कुठून आली, याचा मी पुढे बराच विचार केला. आपल्या लोकांना डोंगराचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. पण आपण डोंगरावर जायचो ते देवाला, नदीच्या उगमाला. महाबळेश्वरला लोक कृष्णेसाठी जात. नुसते कड्यावर उभे राहून दरीकडे बघायचे ही चाल साहेबाची. माल्कमने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला वसाहत उभी केली, १८५० मध्ये मॅलेटने माथेरान शोधले असे म्हणतात (तिथे राहणाऱ्या लोकांना ते हरवले आहे हे ठाऊक नव्हते!), आणि प्रत्येक कड्याला कुणा साहेबाचे नाव मिळून त्याचा पॉइंट झाला. त्यातल्या ऑर्थर सीटची कथा सांगतात, की ऑर्थर मॅलेटची बायको आणि मूल खाली सावित्री नदीत बुडाले आणि तो तिथे बसून त्या दिशेला बघत राही. आज तिथे मक्याची कणसे खाऊन फोटो काढतात. यात कुणाची चूक आहे असे मी म्हणत नाही. मीही काढला आहे.

आमच्या भागात हे लोण उशिरा आले. दाजीपूरचे जंगल कोल्हापूर दरबारचे शिकारीचे रान होते, ते १९५८ मध्ये अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केले आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीतही गेले. आता पावसाळ्यातल्या रविवारी राऊतवाडीच्या धबधब्यावर पाय ठेवायला जागा नसते. ज्या पावसात आमचे गाडीवान घाटाचे नाव काढत नसत, नेमक्या त्याच पावसात आता लोक घाटात जातात. हा उलटा फेर एका माणसाच्या आयुष्याच्या लांबीत झाला.

आणि घाट तर तोच आहे. वर जांभा, खाली काळ्या बसाल्टचे थर, मध्ये मध्ये लाल मातीचे पट्टे. चार महिने फटींतून पाणी मुरते आणि कधीतरी एक दरड सुटते. २०१७ च्या पावसाळ्यात आंबोलीजवळ कावळेसादच्या दरीत गडहिंग्लजकडचे दोन तरुण गेले. धबधबा बघायला गेलेले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला निघाले होते, त्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि एकच माणूस वाचला. त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसलो असताना मला राहून राहून ते 'बैलं सोडल्यात' आठवत होते. त्या बसचे काय झाले ते मला माहीत नाही आणि त्यावर बोलायचा मला अधिकारही नाही. आठवले एवढेच. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद केला, तो वर्षाहून अधिक काळ बंद राहिला आणि तिकडची वाहतूक भुईबावडा, फोंडा या घाटांवर येऊन पडली. म्हणजे बैलाच्या मापाच्या वळणांवर आणखी ट्रक.

तर गेल्या पावसाळ्यातली सहल. पुतण्या गाडी बरी चालवतो. दाजीपूर सोडले आणि धुक्यात शिरलो. समोरचे वीस हात दिसेनात. त्याने दिवे लावले, मुलीने खिडकी उघडून मोबाईल बाहेर धरला. डावीकडे कातळावरून पाणी पांढरे होऊन येत होते, खरेच सुंदर दिसत होते. एका वळणावर जरा रुंद जागा बघून त्याने गाडी उभी केली आणि सगळे उतरले. मुलगा कठड्यावर चढून बसला, पाय दरीकडे. सूनबाई त्याचा फोटो काढायला रस्त्याच्या मधोमध.

वर कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला. मी ओरडलो. वर्गात चाळीस वर्षांपूर्वी ओरडत असे तसा ओरडलो. मुलगा दचकून अलीकडे उतरला, सूनबाई बाजूला झाली आणि ट्रक आमच्या गाडीच्या आरशाला घासता घासता वळून खाली गेला. ट्रकवाल्याने आम्हाला काय म्हटले ते हॉर्नमध्ये ऐकू आले नाही, ते बरे झाले.

पुतण्या रागावला. "काका, केवढ्यानं ओरडता! घाबरली ना पोरं."

मी काही बोललो नाही. गाडीत बसल्यावर त्याला एवढेच सांगितले, की वळणावर गाडी उभी करायची नाही, खालून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, आणि आता दुसऱ्या गियरमध्येच उतर. त्याने ऐकले. फोंड्याला बाजारात चहा घेतला, आमसुले घेतली. परत चढताना मागे बसलेल्या नातीने विचारले, "आजोबा, तुम्हाला एवढा राग का आला?" तेव्हा मी तिला ही सगळी हकिकत सांगितली. पुतण्यालाही ती तेव्हाच पहिल्यांदा कळली. तो तिसऱ्या वळणानंतर म्हणाला, "काका, जरा थांबा, धुक्यात मला समोरचा हॉर्न ऐकू यायला हवा." मग आम्ही सगळे गप्प बसलो. मी वळणे मोजायला लागलो होतो, पण धुक्यात मोजदाद चुकली.

वर दाजीपूरला आल्यावर धुके मागे राहिले. नात म्हणाली, "आणि त्या मिठाचं काय झालं?"

१९८४ साली मीही नानांना हेच विचारले होते. मागच्या गाडीवाल्यांनी पोती आपापल्या गाड्यांत वाटून घेतली. मुरगूडच्या मंगळवारच्या बाजारात ते मीठ विकले आणि पैसे आजीच्या हातात आणून दिले. आजीने ते मोजले नाहीत. बैल मात्र त्याच महिन्यात विकले, आणि पुढच्या दिवाळीला नानांनी नवी जोडी घेऊन गाडी पुन्हा घाटाला लावली.